सातबारा मोबाइलवर आला, मग वारस नोंद अडकते कुठे?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही पुण्यात नोकरीला, वडील मागच्या वर्षी वारले, गावाकडे साडेतीन एकर आहे, वारस नोंदीचा अर्ज तुम्ही घरबसल्या ऑनलाइन केला, दोन महिने झाले तरी स्टेटस 'प्रलंबित'च आहे, सज्जावर म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयात फोन केला तर "एकदा कागद घेऊन येऊन जा" एवढंच उत्तर, आणि मोबाइलवर सातबारा उघडला की अजून वडिलांचंच नाव. त्यामुळे वैतागून तुम्ही विचारलंय की हे डिजिटल सरकार म्हणजे नुसता देखावा आहे का, आणि पारदर्शकता म्हणतात ती नेमकी कुठाय.

मी मराठवाड्यात तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, त्याआधी तहसीलच्या आवारात टेबल टाकून अर्जनवीस होतो. म्हणजे कागदाचा जमानाही बघितलाय आणि हा पण बघतोय. सरकारचा माणूस नाही, पण सरकारच्या सर्व्हरवर पोट आहे, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे माझं बोलणं कुठून येतंय ते कळेल.

तर बघा, तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं एकमेकांत अडकलीत. एक काम म्हणजे नक्कल काढणं, दुसरं म्हणजे नोंद मंजूर होणं. लोक दोन्हीला "सातबाऱ्याचं काम" म्हणतात. डिजिटल झाल्यावर पहिलं काम पार बदलून गेलं, दुसरं मात्र निम्मंच बदललंय, आणि ते निम्मं कुठलं हे माहीत नसल्यामुळे माणूस चिडतो.

नक्कलेचं आधी सांगतो कारण ते पटकन संपेल. पूर्वी सातबारा हवा म्हणजे आधी तलाठी भाऊसाहेब आज कुठल्या गावाला आहेत ते शोधायचं. त्यांच्याकडे तीन-चार गावं, दप्तर कधी सज्जावर कधी घरी. सापडले तर "उद्या या", आणि पीककर्जाच्या सीझनला तर चहापाण्याशिवाय पान हलायचं नाही. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला, आज १५ रुपये भरले की कुठूनही निघतो, सहीशिक्क्यासाठी कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, समोरच्याला खात्री करायची असेल तर त्याच्यावरच्या नंबरवरून तो ऑनलाइन ताडून बघू शकतो. फुकटातला जो महाभूलेखवर दिसतो तो फक्त बघायला, सरकारी कामाला चालत नाही, एवढं लक्षात ठेवा, कारण बरेच जण तोच प्रिंट मारून बँकेत नेतात आणि परत येतात. या एका बाबतीत मी छातीठोक सांगतो की लाच बंद झाली. माणसं सुधारली असं माझं म्हणणं नाही, अडवायला हातात काही उरलंच नाही.

आता नोंदीचं. इथे थोडं खोलात जावं लागेल.

जमीन महसूल कायदा १९६६ चा, त्यातलं कलम १५० फेरफाराचं, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदीत बदल करण्याचं. तुम्ही वर्दी म्हणजे बदलाची खबर दिली की तलाठ्याने (आता पद 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात, मी पण तेच लिहितो) नोंदवहीत फेर घ्यायचा, हितसंबंधितांना नोटीस काढायची, १५ दिवस हरकतीला द्यायचे, कुणाची हरकत आली नाही तर सर्कलने म्हणजे मंडळ अधिकाऱ्याने तपासून मंजूर करायचा. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदीच्या रजिस्टरला जातं आणि अव्वल कारकुनाच्या खालच्या दर्जाचा नाही अशा अधिकाऱ्याने सुनावणी घेऊन निकाल द्यायचा, शक्यतो वर्षाच्या आत. वारसाच्या केसमध्ये त्याच्याही आधी वारसांचं वेगळं रजिस्टर असतं, नमुना ६-क, त्यात वारस ठरतात आणि मग नमुना ६ ला म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत फेर येतो. ही सगळी पद्धत कागदाच्या काळातली, ऑनलाइन झालं तरी कायदा तोच. ई-फेरफार सॉफ्टवेअरने या पायऱ्या कॉम्प्युटरवर आणल्या, पायरी एकही कमी केली नाही. आणि करू पण नये, कारण मयताला मुलं किती, पहिली बायको होती का, मुलगी कुठे दिली, हे सर्व्हरला माहीत नसतं, ते गावात विचारूनच कळतं.

तुम्ही जो अर्ज केला तो बहुतेक ई-हक्क वरून, म्हणजे फेरफाराचा अर्ज ऑनलाइन करायच्या सरकारी पोर्टलवरून. आता इथे मेख आहे. ई-हक्कचा अर्ज क्रमांक म्हणजे फेरफार क्रमांक नव्हे. तुमचा अर्ज तलाठ्याच्या लॉगिनला जाऊन पडतो, तो उघडून कागद बघतो, पटले तर पुढे फेर तयार करतो, नाही तर त्रुटी टाकून परत पाठवतो. कायद्यातले १५ दिवस नोटिशीपासून सुरू होतात, तुम्ही अर्जाचं बटण दाबलं तिथपासून नाही. म्हणजे अर्ज पडणं आणि फेर निघणं यांच्या मधे जी जागा आहे तिथेच तुमचे दोन महिने गेलेत, आणि मी बघतो त्यातल्या बहुतेक केसेस तिथेच बसून असतात. हाच तो निम्मा भाग जो बदलला नाही.

का बसतात? दरवेळी पैशासाठीच असं म्हणणार नाही. मृत्यूच्या दाखल्यावर 'विठ्ठल', सातबाऱ्यावर 'विठोबा', आधारवर तिसरंच. शपथपत्रात बहिणींची नावं नाहीत. फोटो काढून अपलोड केलेला कागद इतका काळा की वाचता येत नाही. एका तलाठ्याकडे दुसऱ्या सज्जाचा चार्ज, त्यात निवडणूक, अतिवृष्टीचे पंचनामे, अनुदानाच्या याद्या, आणि प्रत्येकाचं वेगळं ॲप. आणि हो, काही ठिकाणी मुद्दामही ठेवतात, भेटायला यावं म्हणून. नुसत्या स्टेटसवरून तुमचं यातलं कुठलं आहे ते मला सांगता येणार नाही, कुणी सांगत असेल तर तो अंदाज मारतोय.

आता पारदर्शकतेकडे येतो. 'आपली चावडी' नावाची गोष्ट आहे महाभूमीच्या साइटवर, ती तुम्ही उघडून बघितली नसणार, कारण कुणीच बघत नाही. जिल्हा, तालुका, गाव टाकलं की त्या गावात सध्या कुठले फेर नोटिशीवर आहेत ते दिसतात, फेराचा नंबर, प्रकार, तारीख, हरकतीची मुदत कधी संपते, कुठले गट. लॉगिन नाही, फी नाही. पूर्वी हीच नोटीस चावडीच्या फळ्यावर डकवायचे, म्हणजे डकवली असं लिहायचे, आणि ज्याचा हक्क जायचा तो तिकडे गुजरातेत किंवा ऊसतोडीला, त्याला कळायचं दोन वर्षांनी.

माझ्याकडे एक मावशी येतात, निराधारच्या पैशाचं काही ना काही असतं त्यांचं. त्यांचा मुलगा संभाजीनगरला कंपनीत आहे. माहेरी वडील वारल्यावर भावांनी वारस फेर टाकला, त्यात तिन्ही भावांची नावं, दोन्ही बहिणी गायब. पोराला कुणीतरी आपली चावडी दाखवली होती म्हणून तो अधूनमधून आजोळचं गाव टाकून बघायचा, त्यात हा फेर सापडला, मुदत संपायला दोन-तीनच दिवस उरलेले. मावशी माझ्याकडे आल्या, आम्ही साध्या कागदावर हरकत लिहिली, फेरफार नंबर टाकला, "मयतास दोन मुली असून त्यांची नावे वगळली आहेत, कोणतेही हक्कसोडपत्र करून दिलेले नाही" एवढं एकच वाक्य महत्त्वाचं, सज्जावर देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. फेर तक्रारीला गेला, सुनावणी झाली, नावं लागली. भाऊ बोलत नाहीत आता, ते वेगळं. पण कागदाच्या जमान्यात ही हरकत वेळेत झालीच नसती, हे मी शपथेवर सांगेन, कारण त्या काळात "मुदत कधीच संपली, आता प्रांताकडे अपील करा" हे ऐकून रडत परत जाणाऱ्या बायका माझ्या टेबलासमोरच बसायच्या.

म्हणजे पारदर्शकता आहे, पण ती न्याहाळणाऱ्याच्या कामाची. आपली चावडीवरून तुम्हाला मेसेज येत नाही की तुमच्या आजोळच्या गटाला हात लागलाय. रोज उठून कोण बघणार? बघतात ते जमिनीचे दलाल. त्यांना कुठला खातेदार वारला, कुठल्या गटावर बँकेचा बोजा चढला, कुठे भावाभावात तक्रारी नोंद आहे, हे सगळं आता घरबसल्या मिळतं, आणि अडचणीतला माणूस हेरायला तेवढं पुरतं. सोयरीक जमवायच्या आधी मुलीकडचे मुलाचा सातबारा काढतात हे तर आता चालूच आहे, सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यातलं सोसायटीचं कर्ज बघून दोन स्थळं मोडलेली मला माहीत आहेत. आता ते वाईट का चांगलं तुम्ही ठरवा, मुलीच्या बापाला विचारलं तर तो म्हणेल बरंच झालं.

उलट कार्यालयाच्या आतलं काय दिसतं? तुमचा अर्ज कुठल्या तारखेला कुणी उघडला, किती दिवस कुणाच्या लॉगिनला होता, हे सिस्टीममध्ये असणारच, पण अर्जदाराला दिसतो फक्त एक शब्द, 'प्रलंबित'. शेतकऱ्याचं कर्ज जगाला दिसतं आणि फाइल कुणाच्या टेबलावर आहे ते खुद्द अर्जदाराला दिसत नाही, माझा खरा आक्षेप इथे आहे. शेजारी कर्नाटकात जमिनीच्या नोंदी कॉम्प्युटरवर आणणारा 'भूमी' प्रकल्प २००१ च्या सुमाराला आला, आमच्या उदगीरच्या पलीकडे बिदरला नातेवाईक आहेत त्यामुळे तिकडचं ऐकून-बघून माहीत आहे. त्यांनी दोन गोष्टी केल्या, हाताने लिहिलेला उतारा सरळ बेकायदा ठरवला आणि फेरफाराला जो आधी आला त्याचाच आधी घ्यायचा असा क्रम सॉफ्टवेअरमध्येच बांधला. मधला अर्ज उचलून वर घेता येत नाही. पैसे देऊन नंबर पुढे ढकलायची सोय त्यामुळे कमी झाली, अर्थात तिथेही दलाल संपले नाहीत, किऑस्कच्या बाहेर जाऊन बसले.

दलालांवरून आठवलं, आता स्वतःबद्दलही बोलतो. लोकांना वाटलं ऑनलाइन झालं की मधला माणूस जाईल. गेला नाही, तो माझ्या खुर्चीत येऊन बसला. ज्याच्याकडे साधा मोबाइल आहे, ओटीपी म्हणजे काय माहीत नाही, ज्याचा आधारला लिंक असलेला नंबर कधीचा बंद पडलाय, त्याला माझ्याकडे यावंच लागतं. दर बोर्डावर लिहिलेला असतो, पण बोर्ड वाचता येणारा माणूस मुळात माझ्याकडे येतोच कशाला? काही केंद्रांवर दुप्पट-तिप्पट घेतात हे उघड गुपित आहे. पूर्वी तलाठ्याला चहापाणी, आता "सर्व्हर स्लो आहे, अर्जंट पाहिजे असेल तर" असं. पावती मागा. कुठल्याही केंद्रावर गेलात तरी पावती आणि अर्ज क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका.

आणि एक प्रकार आहे जो शहरात बसून लक्षात येत नाही. काही कामं ऑनलाइन करताना सरकारने आपलं काम लोकांच्या अंगावर टाकलं. ई-पीक पाहणी घ्या. आधी सातबाऱ्याचा नमुना १२ म्हणजे पिकाची नोंद तलाठी करायचे, आणि बऱ्याचदा शेत न बघता करायचे, कापूस असलेल्या रानात वर्षानुवर्षं तूर लिहिलेली असायची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः ॲपवरून शेतात उभं राहून फोटोसकट नोंद करायची झाली. कल्पना चांगली, जे खरं पेरलं तेच लागतं, माझा पाठिंबा आहे त्याला. पण रानात रेंज नाही, फोन पोराकडे आणि पोरगा पुण्यात, शेवटच्या दिवसांत सर्व्हर बसलेला, आणि नोंद राहिली की त्याचा फटका थेट खिशाला. हमीभावाने सोयाबीन घालायला गेलं की आधी विचारतात पीकपेरा सातबाऱ्यावर आहे का. पूर्वी नोंद चुकली तर तलाठ्याला जाब विचारता यायचा, आता म्हणतात "तुम्हीच केली नाही ना". राहिलेल्यांसाठी सहायक नेमलेत, गावात जाऊन करून देतात ते, पण गावोगावी ते किती पोचतात त्यात फरक आहे.

जुन्या कागदाचंही थोडं सांगायला पाहिजे, कारण तुमच्या केसमध्ये तेही निघू शकतं. हस्तलिखित सातबारे कॉम्प्युटरवर घेताना चुका झाल्या, क्षेत्र चुकलं, नाव गळालं, चावडी वाचन घेऊन, म्हणजे गावकऱ्यांसमोर नोंदी वाचून, पुष्कळ दुरुस्त्या केल्या तरी सगळ्या निघाल्या नाहीत. अशी टायपातली चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो, त्याला जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची आणि मूळ फेराची नक्कल लागते. जुनं काय होतं हे स्कॅन झाल्यामुळे किती फरक पडतो त्याचं उदाहरण हवं तर २०२३ मधलं बघा, कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. शिंदे समितीच्या वेळी मोडी-उर्दूतल्या जुन्या नोंदी शोधून स्कॅन करून जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकल्या, त्यावरचं राजकारण बाजूला ठेवा, पण आमच्याकडे निजामाच्या काळातला कागद सामान्य माणसाने आपल्या मोबाइलवर उघडून बघावा ही गोष्ट मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

बरं आता तुम्ही काय करायचं. घाबरून जाऊ नका आधी, सातबाऱ्यावर नाव लागलं नाही म्हणून तुमचा वारसा हक्क कुठे जात नाही. फेरफार नोंदीने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही, ती महसुली नोंद आहे, हे सुप्रीम कोर्टाने पुष्कळदा सांगितलंय. अडचण व्यवहाराची आहे, कर्ज मिळत नाही, पीएम किसान अडकतं, वगैरे.

पहिलं काम, ई-हक्कला लॉगिन करून अर्ज नीट उघडा, नुसत्या बाहेरच्या स्टेटसवर जाऊ नका. त्रुटीचा शेरा असेल तर तो वाचा आणि तेवढीच दुरुस्ती करून परत पाठवा. नवा अर्ज करू नका, लोक घाबरून दोन-तीन अर्ज टाकतात आणि मग सगळेच रखडतात. दुसरं, आपली चावडीवर गाव टाकून बघा फेर निघालाय का, कधीकधी फेर निघालेला असतो आणि माणूस ई-हक्ककडेच बघत बसतो. फेर निघालेला असेल तर आता काम तलाठ्याकडे नाही, सर्कलकडे आहे, फोन तिकडे करा.

दोन्हीकडे काही नसेल तर एकदा गावाला जाऊन याच. मला माहिती आहे, ऑनलाइन अर्ज करूनही जावं लागतंय हे ऐकून संताप येतो, पण वारसाची चौकशी स्थानिक असते, पोलीस पाटील किंवा दोन जाणते लोक लागतात, फोनवर ते होत नाही. जाताना मृत्यूचा मूळ दाखला, सगळ्या वारसांची यादी आणि आधार, ८-अ म्हणजे खात्याचा उतारा, आणि शपथपत्र न्या. यादीत आई, बहिणी सगळ्या घाला, हक्क सोडायचा असेल तर तो नंतर रजिस्टर्ड हक्कसोडपत्राने, यादीतून नाव गाळून नाही. त्याशिवाय २०२५ च्या एप्रिलपासून 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर निघाली होती, मयत खातेदारांची नावं काढून वारस लावायला, बुलढाण्यातून सुरू झाली ती. तुमच्या गावच्या त्या यादीत वडिलांचं नाव आलं होतं का ते तलाठ्याला विचारा, आलं असेल तर अर्धी चौकशी झालेली असू शकते.

आणि एवढं करूनही "बघतो, करतो" चाललं, तर मग लेखी. साधा अर्ज, ई-हक्कचा क्रमांक आणि तारीख टाकून, तहसीलदारांच्या नावे, आवक शिक्का घेऊन. त्यानंतर माहिती अधिकार, १० रुपयांत, ऑनलाइनही करता येतो, त्यात "माझा अर्ज का अडवला" असं विचारू नका, 'का'ला उत्तर मिळत नाही. "अर्ज क्रमांक अमुकवर आजपर्यंत झालेली कार्यवाही, दिनांकनिहाय, संबंधित अधिकाऱ्याच्या पदनामासह, टिपणीच्या प्रतीसह" असं मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि माझा अनुभव असा की बऱ्याच वेळा उत्तराच्या आधी फेरच निघतो. स्टेटसमध्ये जे दडलंय ते बाहेर काढायला अजून हाच रस्ता आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम कडक केलंय, त्यामुळे दुसऱ्याच्या प्रकरणाचे कागद मागितले तर नकार येण्याची शक्यता वाढलीय, कलम ८(२) मधलं जनहिताचं दार तेवढं उघडं आहे. पण तुमचा स्वतःचा अर्ज आहे, तुम्हाला त्याची भीती नाही.

काही जण लगेच लोकसेवा हक्क कायदा सांगतील, २०१५ चा. कायदा चांगला आहे, ठरल्या दिवसांत सेवा नाही दिली तर अपील, तिसरं अपील थेट आयोगाकडे, आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन क्रिमिलेअर यांना त्याचा फार उपयोग होतो, माझ्याकडे मुदत उलटली की मी स्वतः लोकांना अपील करायला लावतो. फक्त तो अधिसूचित सेवांनाच लागतो, आणि दिवस मोजले जातात ते परिपूर्ण अर्जापासून. म्हणून अपिलात जायच्या आधी आपले सरकार पोर्टलवरची महसूल विभागाची यादी बघा, आपली सेवा त्यात आहे का, मुदत किती दिलीय, आणि तुमच्या अर्जावर त्रुटी निघालेली नाही ना.

ई-हक्क उघडल्यावर त्रुटीचा शेरा दिसला तर तो जसाच्या तसा इथे टाका, नाव आणि गट नंबर झाकून. त्या भाषेवरून नेमका कुठला कागद पाहिजे ते बऱ्यापैकी सांगता येतं.